चारशे फुटांच्या अलीकडे

मी मॉरिशसला जाऊन आलो हे कळलं की लोक आधी समुद्राचं विचारतात. पाणी खरंच निळं असतं का, वाळू पांढरी असते का, मासे कोणते मिळतात. मी काय सांगणार? आठ महिन्यांत समुद्राकडे तोंड करून मी बसलो तो एकच रविवार, आणि त्या दिवशी माझं समुद्राकडे लक्ष नव्हतं. बाकी सगळा काळ मी जमिनीकडे बघत होतो. बोअर पाडणाऱ्याला कुठल्याही देशात नेलं तरी तो खालीच बघणार. तरी लिहायला बसलो आहे, कारण तोंडी सांगायला लागलो की अर्ध्यावर कोणीतरी ‘अरेरे’ म्हणतं आणि चहा विचारतं. कागदावर निदान शेवटापर्यंत जाता येईल.

पोर्ट लुई

साठ साल उलटून गेलं होतं, पण बेटावर अजून इंग्रजांचं राज्य होतं. सरकारी पाणीखात्याला काळ्या दगडात खोल बोअर पाडणारा माणूस हवा होता. मी सोलापूर आणि नगरकडच्या काळ्या दगडात पंधरा वर्षं भोकं पाडलेली, म्हणून माझी निवड झाली. बोटीतून उतरल्यावर पहिल्या दिवशी मी धक्क्याजवळचा दगड बुटाने ठोकून पाहिला आणि मनात म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि दगड आपला घरचाच!

घरचं नव्हतं ते खडक फोडायचं हत्यार. ते विलायतेहून पेटीतून आलं होतं आणि सगळ्या बेटावर तसं एकच होतं. साध्या बोअरला वरून इंजिनाने सगळे पाइप फिरवतात, तेव्हा कुठे तळाशी दात फिरतात. इथे पाइप जागचे हलत नाहीत. पंपाने पाइपांतून चिखलपाणी जोराने खाली सोडायचं, त्या पाण्याच्या जोरावर तळाशी बसवलेलं हत्यार आपलं आपण फिरतं, आणि फिरता फिरता मिनिटाला शेकड्यांनी ठोके देतं. मग तेच पाणी फोडलेल्या खडकाचा चुरा घेऊन पाइपांच्या बाहेरून वर येतं. हत्यार आपण पाहत नाही, त्याला हात लावू शकत नाही. वर आपल्या ताब्यात काय, तर पाण्याचा जोर आणि पाइपांचं वजन. पाणी जास्त सोडलं तर ते उधळतं आणि आतून जळतं, कमी सोडलं तर ठोके मंदावतात. ते कसं चाललं आहे हे दाबाच्या काट्यावर थोडं कळतं, आणि बाकीचं पाइपवर तळवा ठेवून. मांजा बोटात असला की पतंगाचं काय चाललंय ते न बघता कळतं ना, तसं. फक्त आमचा पतंग जमिनीत होता.

आणि एक नियम सगळ्यांच्या वर. हत्यार खाली असताना पाणी थांबवायचं नाही. पाणी थांबलं की वर येणारा चुरा होता तिथेच खाली बसतो, आणि हत्याराला असा आवळतो की पुन्हा सोडत नाही.

चौथ्या दिवशी कामाची जागा बघायला लाकडी टपाच्या बसने लॉंग माउंटनकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसामध्ये शेतातून वेचून काढलेल्या काळ्या धोंड्यांचे घराएवढे ढीग. एका वळणावर ड्रायव्हरने बस थांबवली आणि इंजिनही बंद केलं. मला वाटलं बिघाड झाला. पाहतो तो समोरून एक प्रेतयात्रा येत होती, कोणा क्रिओल कुटुंबाची. बसमधल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मागून उसाचा लॉरीवाला आला, त्यानेही इंजिन बंद केलं. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत कोणी हललं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला मी मराठीत विचारलं, कारण तो शेजारणीशी मराठीतच कुरकुरत होता. तो म्हणाला, “हितं असाच. मोटार असो का मशीन, माणूस शेवटचा चाललाय तर त्याच्यावर आवाज करायचा नाय. हिंदू असो, किरिस्ताव असो.”

मला ते फार आवडलं. आपल्याकडे मढं दिसलं की आपण हात जोडतो आणि पाय उचलतो. मी वहीत लिहूनही ठेवलं : ‘इथे मृताला नुसती वाट देत नाहीत, शांतताही देतात.’ वाक्य लिहून स्वतःवर खूश झालो. पुढे ते मला चांगलंच भोवलं.

लॉंग माउंटनच्या पुढे

गाव लहान होतं, साठ-सत्तर घरांचं, पत्र्याचं. त्यात पंधरा-वीस घरं मराठी. पणजोबा ऊस तोडायला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेले, त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. म्हातारी माणसं जुनं कोकणातलं मराठी बोलायची, तरुणांना सगळं कळायचं पण उत्तर तिथल्या फ्रेंच वळणाच्या क्रिओल बोलीत यायचं. पाऊस सगळा वरच्या डोंगरावर पडून संपायचा. ढग रोज दिसायचे आणि रोज तिथेच अडायचे. गावाला एक सरकारी नळ होता, तो आठवड्यातून दोनदा यायचा, कधी गढूळ. बाकी दिवस बाया डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन नदीपर्यंत जायच्या, जायला पाऊण तास. कालव्याचं पाणी जवळून वाहायचं, पण ते साखर इस्टेटीच्या, म्हणजे बड्या ऊसमळ्याच्या, कारखान्याचं.

बोअरची जागा पांडू आजाने दिली होती. आजा म्हणजे ऐंशीच्या पुढचा, काटकुळा, एका डोळ्याने अधू. त्याच्या मालकीचा उसाचा जो तुकडा होता त्यातला रस्त्याकडेचा भाग त्याने स्वतः तोडून मोकळा केला होता. मुलगा नव्हता. विधवा मुलगी सोनूबाय, पन्नाशीची, त्याचं घर बघायची. माझी राहायची सोय त्यांच्याच पडवीत होती.

पहिल्या संध्याकाळी आजाने मला समोर बसवलं, बराच वेळ चांगल्या डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, “मुलुकातनं आलात ना तुमी? मंग पानी लागनार.”

मी म्हटलं, “आजा, मुलूख आणि पाणी यांचा काही संबंध नाही. दगड चांगला असला तर लागेल.”

“दगड पन मुलुकातलाच दिसतो का नाय?”

मला हो म्हणावं लागलं. म्हातारा खूश झाला. मी मुळातच कडू तोंडाचा माणूस, कोणाला आशा लावायला मला आवडत नाही. पण खात्याच्या नकाशाप्रमाणे चारशे फुटांच्या आसपास पाण्याचा थर होता, आणि मलाही तो तिथे असावा असं वाटत होतं. हेही मला माहीत होतं की ही बोअर फसली तर रिग, म्हणजे बोअरचं सगळं यंत्र, पूर्वेकडे सांत्र द फ्लाकच्या एका साखर इस्टेटीवर जाणार आणि या गावाचा नंबर यादीच्या तळाशी जाणार. आजालाही ते माहीत होतं. पाणीखात्यात अर्ज करून करून त्याच्या चपला झिजल्या होत्या.

जेवणाचे माझे हाल झाले. भात, आणि भातावर ‘ब्रेद’ नावाच्या पालेभाजीचं पातळ पाणी, रोज. मला भाकरी हवी होती. सोनूबायने ज्वारीचं नाव ऐकलं होतं, ज्वारी पाहिली नव्हती. एकदा तिने माझ्यासाठी दुकानातून गातो पिमां आणले. मी मोठ्या कुतूहलाने घास घेतला आणि हसलो, कारण ते आपले मिरची घातलेले डाळवडे होते. हे बघून ती म्हणाली, “चला, एकदा तरी हसला बामन!” मी बामण नाही हे तिला मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही.

रघूचे पाय

खात्याने पंपावर रघू धोंडी नावाचा माणूस दिला होता. याच गावचा, चाळिशीचा, रुंद हाडाचा. आधी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. पहिल्या दिवशी मी त्याला काटा दाखवला, व्हाल्व दाखवले, आणि पाइपवर तळवा ठेवून ठोके कसे मोजायचे ते शिकवलं. त्याने हात ठेवला, मान हलवली, “पा कोने, मिस्ये,” म्हणाला. म्हणजे कळत नाही, साहेब. मग वहाणा काढून रिगच्या फळीवर अनवाणी उभा राहिला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “आता कळला. हितं पायाला येतोय.”

मी हसलो, पण आठवड्याभरात माझं हसू जिरलं. माझ्या हाताच्या आधी त्याच्या पायाला कळायचं. हत्यार कठीण दगडात शिरलं, मऊ लागलं, एकीकडे कलंडलं, सगळं तो काट्याकडे न बघता सांगायचा. “मिस्ये, थोडा कमी करा पानी, ता खूप नाचताय.” मी कमी करायचो, आणि ठोके सरळ पडू लागायचे. पंधरा वर्षांत असा माणूस मला आपल्याकडे भेटला नव्हता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हवं होतं असं वाटतं.

दोनशे दहा फुटांवर एका सकाळी काटा एकदम पडला. वर येणारं चिखलपाणी आलंच नाही. रघू ओरडला, “आयो! दिलो गेला! खाली ट्रू हाय, मोठा!” दिलो म्हणजे पाणी आणि ट्रू म्हणजे भोक. ज्वालामुखीच्या दगडात असे पोकळ बोगदे असतात, त्यात आमचं सगळं पाणी वाहून जात होतं, आणि हत्यार अडवणारं कोणी नसल्यामुळे उधळलं होतं. मी जोर कमी केला आणि हत्यार अलगद वर ओढलं. आता बोगदा बुजवायचा कशाने? आपल्याकडे आम्ही भुसा आणि शेण वापरतो. रघू गेला तो कारखान्यातून बैलगाडीभर बगास घेऊन आला, म्हणजे पिळून उरलेली उसाची चिपाडं. गावातल्या बायांनी ती कोयत्याने बारीक केली, तांबड्या मातीत कालवली, आणि आम्ही ते मिश्रण पंपाने खाली ढकललं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा वर आलं, बगासचे धागे घेऊन. पांडू आजा उसाच्या बांधावर बसून हे सगळं बघत होता. वर आलेल्या चिखलात त्याने बोटं घातली आणि वास घेतला. “गोड हाय,” म्हणाला. उसाचाच वास होता तो.

मग थंडीचे दिवस आले. तिकडे ते आपल्या जून-जुलैला येतात, आणि थंडी म्हणजे नुसता आग्नेयेचा वारा, दिवसभर उसातून सरसरत जाणारा. त्या वाऱ्यात आजाला खोकला धरला. तो बांधावर यायचा बंद झाला. मी जेवायला गेलो की विचारायचा, “किती?” मी आकडा सांगायचो. तीनशे वीस. तीनशे चाळीस. प्रत्येक आकड्यावर तो मान हलवायचा.

तीनशे साठच्या खाली दगड बदलला. भुसभुशीत राखेचा आणि खडीचा थर लागला, भोकाच्या भिंती सारख्या ढासळू लागल्या. अशा थरात बोअर उभी राहते ती केवळ वाहत्या चिखलपाण्याच्या दाबाने. पण हाच थर पाण्याच्या माथ्यावर असतो. वर येणारं चिखलपाणी पातळ होऊ लागलं होतं, म्हणजे खालून थोडं पाणी झिरपत होतं. रघूला मी तेवढं सांगितलं, आणि त्याने ते गावभर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिगपाशी डबे घेतलेल्या चार बाया उभ्या होत्या. मी त्यांना वैतागून परत पाठवलं.

तीनशे बहात्तर फुटांवर असताना, मंगळवारी पहाटे, आजा गेला.

चार खांदे

सोनूबाय दारात उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, “बापाला पोरगा नाय. त्यानं सांगून ठेवलेला, मुलुकातला माणूस हाय तर एक खांदा त्याचा. द्याल ना?”

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? ज्याच्या पडवीत सहा महिने झोपलो, त्याला खांदा देणार नाही तर मग काय माणूस म्हणवून घ्यायचं. पण हत्यार खाली होतं. सगळे पाइप वर काढायचे तर दिवस जातो, आणि त्या ढासळत्या थरात ते करणंही धोक्याचं. मी विचार केला. हत्यार तळापासून दहा फूट वर उचललं, पाण्याचा जोर अर्ध्यावर आणला. असं ठेवलं की ठोके बंद पडतात, पण पाणी वाहत राहतं आणि भोक उघडं राहतं. रघूला म्हटलं, “तू इथेच थांब. कशाला हात लावायचा नाही. पंप चालू राहिला की झालं. मी तासाभरात येतो.” रघूला प्रेतयात्रेला यायचं होतं. आजाने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण तो “बरा, मिस्ये,” म्हणाला आणि फळीवर जाऊन उभा राहिला.

मला एक गोष्ट सुचायला हवी होती, ती सुचली नाही. मसणवाट रिगच्या अंगावरून जात होती.

तिरडी उचलली. माझ्या वाट्याला पुढचा डावा खांदा. लाकूड खांद्याच्या हाडावर बसलं. पुढे भजनवाला टाळ वाजवत होता, तेवढाच आवाज. गावातून रस्त्याला लागलो. उसाच्या वर रिगचा मनोरा दिसायला लागला आणि पंपाच्या इंजिनाचा धडधडाट ऐकू यायला लागला. आम्ही जवळ जात होतो. त्या धडधडाटात भजनवाल्याचे टाळ थांबले. मी मान वळवू शकत नव्हतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की रघूने टोपी काढली आहे.

आणि इंजिन बंद झालं.

एकदम सगळीकडे उसातला वारा ऐकू यायला लागला. मागून कोणीतरी हुंदका दिला. लोकांना बरं वाटलं असावं, म्हाताऱ्याचा मान राहिला म्हणून. मला मात्र तीनशे साठ फूट खाली काय चाललंय ते दिसत होतं. वर येता येता थबकलेला चुरा, खडी, राख, हळूहळू खाली बसत असलेली. एक मिनिट चालतं. दोन चालतात. एका हाकेने काम भागलं असतं : रघू, पंप सुरू कर! तोंड उघडायला काही लागत नव्हतं. पण खांद्यावर पांडू आजा होता आणि सगळं गाव चालत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी पावलं मोजत राहिलो. यात्रा लांब होती, म्हाताऱ्या माणसांची, संथ. मी मागे पाहिल्याशिवाय सांगू शकत होतो की शेवटचा माणूस अजून रिगपुढून गेलेला नाही. साडेतीनशे पावलांनंतर इंजिन पुन्हा सुरू झालं. त्याचा आवाज मला सगळं सांगून गेला. पंप दाबाखाली कण्हत होता. पाणी कुठेच जात नव्हतं.

मी आजाला नेलं, चितेवर ठेवलं, विधी होईपर्यंत उभा राहिलो. मग परत आलो. रघू पाइपवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

“धरला त्यानं, मिस्ये,” एवढंच म्हणाला.

“तुला माहीत नव्हतं?” मी ओरडलो. रस्त्यावर जे ओरडायला हवं होतं ते इथे ओरडलो. “पहिल्या दिवसापासून सांगतोय, पाणी थांबवायचं नाही!”

“ठाव होता.” त्याने मान खाली घातली. “पन त्याच्याच जमिनीवर, त्याच्यावरनं आवाज... वाटला, आजा पुढं जाईपत्तुर ता धरनार नाय.”

चार दिवस आम्ही झुंजलो. जॅक लावून ओढलं, पाइपांभोवती डिझेल ओतलं, झटके दिले, पंप फुटेल इतका दाब दिला. रघू अनवाणी उभा राहून सांगायचा, “काय हलत नाय.” पाचव्या दिवशी वरचे पाइप निखळले आणि खालचे तिथेच राहिले, हत्यारासकट. “फिनी,” रघू म्हणाला. संपलं.

सोनूबाय आली. तिने विचारलं, “आनी किती खाली होता पानी?”

“पंचवीस-तीस फूट.”

“अजून तिथंच हाय ना ता?”

“आहे.”

 तिने शेतातला एक सपाट धोंडा आणून भोकावर ठेवला, कोंबडीची पिल्लं पडू नयेत म्हणून. आणि डबा घेऊन नदीला गेली.

सूयाक

अहवाल लिहायचा होता. खात्याच्या साहेबांनी रविवारी मला दक्षिणेला सूयाकला बोलावलं होतं. तिथे खात्याचं विश्रामगृह होतं. साहेबांना यायला उशीर होता, म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. बेटाभोवती सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून समुद्र शांत असतो. सूयाकला ती भिंत तुटलेली आहे. लाटा थेट येऊन काळ्या कड्यावर फुटत होत्या. कोळी होड्या ओढून निमूट बसले होते. मीही बसलो. तोच हा माझा समुद्राचा रविवार.

मी गुडघ्यावर वही ठेवून अहवाल लिहिला. ‘इंजिन आपोआप बंद पडले. पुन्हा चालू होईपर्यंत सुमारे आठ मिनिटे गेली. त्यात हत्यार अडकले.’ मला रघूची नोकरी वाचवायची होती. आणि स्वतःचंही थोडं झाकायचं होतं. मी इथल्या रिवाजाबद्दल वहीत लिहून ठेवलं होतं, बसमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी मी रघूला त्या रस्त्याकडेला पंपावर उभं करून त्याच रस्त्याने मढं घेऊन गेलो. आणि रस्त्यावर माझं तोंड बंद राहिलं. यातला एक शब्द अहवालात नव्हता. साहेबांनी तो वाचला, इंजिनं जुनीच आहेत म्हणाले, आणि सही केली.

दोन दिवसांनी पोर्ट लुईहून निरोप आला. रघू धोंडी स्वतः बसने खात्यात गेला होता आणि इंजिन आपणच बंद केलं असं त्याने लिहून दिलं होतं. त्याला कामावरून काढलं. मला कोणी काही विचारलं नाही. परदेशी माणूस, करार संपत आलेला. कशाला विचारतील?

सांत्र द फ्लाक

रिग ठरल्याप्रमाणे पूर्वेला इस्टेटीवर गेली. जुनं साधं हत्यार लावलं. तिथला दगड मऊ आणि पाणी वर. अकराव्या दिवशी पाणी लागलं, मनगटाएवढी धार. इस्टेटीच्या लोकांनी मला हार घातला. तो मी पाइपला अडकवून ठेवला.

बोटीला आठवडा असताना मी फ्लाकच्या बाजारात गेलो. उत्तरेकडच्या खेड्यांतले भाजीवाले तिथे येतात. एका गोणपाटावर ब्रेदच्या जुड्या मांडून रघू बसला होता. मला पाहून उठला.

“मिस्ये! की मान्येर? बरे हाव ना?”

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. गावात पाणी आलं का विचारलं. नदीला जातात, म्हणाला. सोनूबाय? ती पण जाते. आता तिला तिथे जाऊन यायला दोन तास लागतात, गुडघे गेलेत.

शेवटी मला राहवलं नाही. “मी अहवालात लिहिलं होतं, रघू. तुझं नाव कुठेच नव्हतं. साहेबांची सहीही झाली होती. तू कशाला गेलास तिकडे?”

तो जुड्यांवर पाणी शिंपडत होता. 

“तुमी माज्यासाठी लिवलात, ता मला कळला, मिस्ये. तुमचा उपकार हाय. पन इंजिन आपसूक बंद पडला, तर मंग आजासाठी थांबला कोन?”

 त्या दिवशी सगळं गाव चालत होतं. मीही चालत होतो, आणि धड हाकही मारली नव्हती. थांबला होता तो एकटा रघू, सगळं ठाऊक असून. आणि त्यालाच वाचवायचं म्हणून मी त्याचं ते थांबणंच कागदावरून पुसून टाकलं होतं.